‘तुमच्याच सुरक्षेसाठी’ म्हणून कोणी काही मागितलं तर काय करायचं, माझी पद्धत

गोव्यात पेडण्याला आमच्या घरामागे दोन खोल्या आहेत, आधी त्यात भाताची पोती आणि सोललेले नारळ पडलेले असायचे, मग २०२३ च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि खोली आहे का विचारत लोक दारात यायला लागले. पहिला भाडेकरू विमानतळावर कामाला असलेला बाहेरच्या राज्यातला मुलगा. त्याच्या आधारची झेरॉक्स घेतली आणि आमच्या वाड्याच्या, म्हणजे गावातल्या आमच्या वस्तीच्या, व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, फोटो टाक इथे, कोण राहतो ते सगळ्यांना कळू दे, सुरक्षेचा प्रश्न आहे. टाकला. मीच टाकला, दुसऱ्या कोणी नाही. दोन-तीन महिन्यांत त्याला न घेतलेल्या कर्जाच्या वसुलीचे फोन यायला लागले. ते माझ्या फोटोमुळेच झालं असं छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, पण झालं नाही असंही सांगता येत नाही ना, आणि तो मुलगा एक शब्द बोलला नाही याचंच जास्त लागलं. तेव्हापासून मी जे शिकलो, विचारलं, वाचलं ते इथे टाकतोय. वकील नाही मी, घरमालक आहे.

आधी एक गोष्ट बोलून घेऊ कारण हा विषय काढला की गोव्यात ती येतेच. ‘पोर्तुगीजांच्या वेळेला दाराला कडी न लावता झोपायचो.’ आमची आजी म्हणायची, तुमचीही म्हणत असणार. खरं असेलही, गाव लहान, सगळे सगळ्यांना ओळखणारे, चोरून नेलेला तांब्या विकणार कुठे. पण त्याच राज्यात सभा घ्यायची तर परवानगी, छापायचं तर आधी सेन्सॉर, जुनी माणसं सांगतात लग्नाची पत्रिकासुद्धा दाखवून आणावी लागायची. राम मनोहर लोहिया १९४६ मध्ये असोळण्याला डॉ. जुलियांव मिनेझिसांकडे आले ते विश्रांतीला, आणि १८ जूनला मडगावात सभा घ्यायला उभे राहिले ते ही सभाबंदी मोडायलाच, म्हणजे गोव्याच्या क्रांतिदिनाचा मूळ मुद्दाच नागरी स्वातंत्र्य. त्याच वर्षी गोव्याच्या मुक्तिलढ्यातल्या त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांना पकडून लष्करी कोर्टानं आठ वर्षांची शिक्षा दिली आणि पार पोर्तुगालात पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. दार उघडं टाकता येत होतं पण तोंड उघडता येत नव्हतं, आजी यातला पहिला भाग सांगायची आणि दुसऱ्या भागाला गप्प बसायची.

असो. मुद्द्यावर.

कोणी म्हणालं ‘सुरक्षेसाठी’ की मी मनात पहिली वर्गवारी करतो. सुरक्षा दोन जातीची असते. एक जी रस्त्यावर दिवा लावते, अग्निशामक सिलिंडर भरलेला आहे का बघते, रात्री गस्तीची जीप फिरवते, तुमच्याकडून काहीच घेत नाही. दुसरी जी तुमच्याकडे बघते, तुमचं नाव, नंबर, बोट, चेहरा, येण्याजाण्याची वेळ मागते. पहिली जात आधी मागायची आणि भांडून मागायची. दुसरी लागतेच कधीकधी, नाही म्हणत नाही मी, पण ती घेताना किंमत विचारून घ्यायची, बाजारात बांगडे घेताना विचारता तशीच.

किंमत विचारायची म्हणजे काय. सुप्रीम कोर्टाच्या नऊ जजांनी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी केसमध्ये सांगून टाकलंय की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, आणि सरकारला त्यात हात घालायचा असेल तर त्यामागे कायदा पाहिजे, उद्देश योग्य पाहिजे आणि हात तेवढाच घातला पाहिजे जेवढ्याची गरज आहे. आपल्या भाषेत तीन प्रश्न: कुठल्या कायद्याखाली? कशासाठी? एवढंच पुरे नाही का? चौथा प्रश्न मी स्वतः जोडलाय आणि माझ्या मते तोच सगळ्यात भारी आहे, कधी संपणार? तारीख सांगा. हे चार प्रश्न नम्रपणे, खुर्चीत बसून, पाणी पिऊन विचारायचे. आवाज चढवून विचारलात की समोरचा माणूस तुमच्या प्रश्नाला नाही, आवाजाला उत्तर देतो.

बहुतेक वेळा पहिल्याच प्रश्नाला उत्तर येतं ‘वरून सांगितलंय’. वरून म्हणजे कुठून ते विचारा. कायदा वेगळा, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश वेगळा, आणि कोणीतरी फोनवर सांगितलं ते तर फारच वेगळं. आदेश असेल तर कॉपी मागा. पूर्वीचं जमावबंदीचं १४४ कलम, आता १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते १६३ झालंय, त्याखालचा आदेश दोन महिन्यांच्या वर चालत नाही, राज्य सरकारनं वाढवला तर आणखी जास्तीत जास्त सहा महिने. बघा, कायद्यात तारीख आहेच, आपणच विचारत नाही. आणि जानेवारी २०२० च्या काश्मीरच्या इंटरनेट बंदीच्या केसमध्ये कोर्टानं सांगितलंय की असे आदेश जाहीर करावे लागतात, लपवून ठेवायचे नाहीत, आणि लोकांचं बोलणं दाबायला परत परत काढत बसायचे नाहीत. पण आदेश खराच असेल तर पाळा हं, न पाळणं हा गुन्हा आहे, पटत नसेल तर पर्वरीला हायकोर्ट आहे.

भाडेकरूचा फॉर्म

तर भाडेकरू पडताळणी. हे करा. माझ्या वरच्या रडगाण्यावरून करू नका असं कोणी समजू नये. कोण राहतो हे पोलीस स्टेशनला माहीत असणं यात मला वावगं वाटत नाही, आणि उद्या त्या खोलीत काही झालं तर पहिला प्रश्न तुम्हालाच येणार. फक्त कसं करायचं ते बघा.

आधार घ्यायचंच असेल तर मास्क केलेलं घ्या, आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून डाउनलोड करताना पर्याय येतो, पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चार दिसतात. ते चालत नाही म्हणाले तर भाडेकरूला विचारा मतदार कार्ड किंवा लायसन्स देतो का. झेरॉक्सवर आडवं पेनानं लिहायचं, फोटोवरून थोडं जाईल असं, ‘फक्त भाडेकरू पडताळणीसाठी’, पोलीस स्टेशनचं नाव आणि तारीख. मग फॉर्मच्या दोन कॉपी करा, एक देऊन दुसरीवर शिक्का आणि तारीख घेऊनच या. शिक्का देणारा माणूस जेवायला गेलाय म्हणाले तर बसा. मी एकदा नाही बसलो आणि वर्षभरानं त्याच स्टेशनात मलाच विचारलं, फॉर्म का नाही दिला? दिला होता हो. कुठे गेला तो कागद ते त्यांना माहीत नाही आणि मला तर नाहीच.

झेरॉक्सच्या दुकानाकडे लक्ष ठेवा, हे कोणी सांगत नाही. व्हॉट्सअॅपवरून त्याच्या कॉम्प्युटरला पाठवता ना, तो फाइल तशीच ठेवतो, वाईट मनानं नाही, कंटाळ्यानं. डाउनलोडचं फोल्डर उघडलं तर अख्ख्या गावाचे आधार, पॅन, दहावीच्या मार्कशीटा. समोर उभं राहून डिलीट करायला लावा, रिसायकल बिनमधूनही.

बायोमेट्रिक लॉक करायची सोय आधारच्या अॅपमध्ये आहे, ती स्वतःची करून ठेवा आणि भाडेकरूलाही दाखवा. सिमकार्ड किंवा बँक खात्याला आधार सक्तीचं नाही हे २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आहे, सरकारी अनुदान आणि पॅन सोडून. काउंटरवरच्या पोराशी यावरून भांडू नका, त्याला टार्गेट दिलेलं असतं.

विदेशी माणूस राहायला आला तर मात्र काही मागेपुढे नाही, त्याच्या राहण्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन भरायची, एका रात्रीसाठी असला तरी.

आणि एक बोलतो, राग आला तर येऊ दे. आपण पडताळणी कोणाची करतो? गवंड्याची, रस्त्याच्या कामावरच्या मजुराची, हॉटेलात भांडी घासणाऱ्याची. आसगावात व्हिला घेऊन महिन्यातून चार दिवस येणाऱ्या दिल्लीकराच्या आधारची झेरॉक्स कुठल्या वाड्यानं ग्रुपवर टाकली सांगा. ‘भायलो’, म्हणजे बाहेरचा, हा शब्द आपण खिसा बघून वापरतो. सुरक्षेचा नियम सगळ्यांना सारखा लागत नसेल तर तो सुरक्षेचा राहत नाही, मग तो नुसता त्रास द्यायचा परवाना होतो, आणि परवाना देणारे सरकारी लोक नाहीत, आपण आहोत.

नाक्यावर, आणि स्टेशनात

नाकाबंदीत अडवलं, ‘पात्रांव, पेपर्स दाखय’ (मालक, कागद दाखव) झालं. गाडी बाजूला घ्या, लाइट लावा, हात दिसू दे. लायसन्स आणि आरसी डिजिलॉकरवरचं चालतं. दारू प्यायलात का ते तपासायच्या अल्कोमीटरला नाही म्हणू नका, मर्यादा १०० मिलिलिटर रक्ताला ३० मिलिग्रॅम आहे आणि दोन फेण्या मारून ‘मी ठीक आहे’ म्हणणारा ठीक नसतो, ही सुरक्षा पहिल्या जातीतली आहे, तिच्याशी स्वातंत्र्याच्या नावानं भांडू नये. फोन उघडून गॅलरी दाखव म्हणाले तर मात्र शांतपणे विचारा, साहेब कुठल्या केसमध्ये? गाडीच्या कायद्यात गाडीचे कागद दाखवणं आहे, व्हॉट्सअॅप दाखवणं नाही. फोन जप्तच करत असतील तर पंचनाम्याचा कागद मागा. झडती आणि जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करणं आता नव्या संहितेच्या १०५ कलमानं पोलिसांनाच बंधनकारक आहे, म्हणजे शूटिंग मागणं हा उद्धटपणा नाही.

स्टेशनात बोलावणं आलं तर नुसत्या फोनवर धावत जाऊ नका, लेखी मागा. साक्षीदार म्हणून चौकशीला १५ वर्षांखालचा मुलगा, ६० वर्षांवरचा पुरुष, कुठलीही बाई, अपंग किंवा खूप आजारी माणूस, यांना स्टेशनात बोलवता येत नाही, पोलिसांनीच घरी यायचं, त्याच संहितेचं १७९ कलम. अटक केली तर कारण सांगायला लागतं, तुमच्या माणसाला कळवायला लागतं, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. बाईला सूर्यास्त ते सूर्योदय अटक नाही, अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी. वकिलाला पैसे नसले तर १५१०० हा कायदेशीर मदतीचा नंबर, कोठडीतल्या माणसाला आणि बायकांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो.

आता गंमत ऐका, कॅमेऱ्याची. सगळे म्हणतात कॅमेरा लोकांवर, पण सुप्रीम कोर्टानं २ डिसेंबर २०२० ला आदेश दिलाय की प्रत्येक पोलीस स्टेशनात कॅमेरे पाहिजेत, आवाजासकट, रात्री दिसणारे, लॉकअपपासून मागच्या दारापर्यंत, आणि रेकॉर्डिंग १८ महिने ठेवायचं, तसं यंत्र मिळत नसेल तर निदान वर्षभर. म्हणजे आत तुमच्याशी काही वाईट झालं तर बाहेर आल्या आल्या, त्याच दिवशी, तारीख आणि वेळ घालून लेखी अर्ज करायचा की अमुक वेळेचं फुटेज सांभाळून ठेवा. स्टेशनात देऊन शिक्का, एसपींना एक कॉपी, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाला एक. उशीर केलात तर कॅमेरा नेमका त्या दिवशी बंद होता असं उत्तर येतं.

एनएसए, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा कायद्याबद्दल दोनच वाक्यं. १९८० चा कायदा आहे, खटला न चालवता १२ महिन्यांपर्यंत आत ठेवता येतं, इथे वरचे प्रश्न विचारत बसू नका, सरळ वकील आणि हायकोर्ट.

वाड्यावरचा कॅमेरा

हे सगळ्यात अवघड कारण इथे मागणारा पोलीस नसतो, आपलाच शेजारी असतो. आमच्याकडे एका विहिरीवरची पाण्याची मोटर चोरीला गेली, दुसऱ्या दिवशी ग्रुपवर वर्गणी, आठवड्यात तीन कॅमेरे. परत चोरी झाली ती जुलैत, वीज नव्हती दीड दिवस, आणि कॅमेरे इमानदारीत काळोखाचं काहीच रेकॉर्ड करत नव्हते. पेडण्यात पाऊस येण्याआधी वीज जाते हे चोराला माहीत, कमिटीला नाही.

तुमच्याकडे हा विषय निघाला तर या गोष्टी आधी ठरवून घ्या आणि लिहून घ्या. कॅमेऱ्याचं तोंड रस्त्याकडे, कोणाच्या अंगणात नाही, न्हाणीच्या खिडकीकडे तर नाहीच, बसवल्यावर स्क्रीनवर काय काय दिसतं ते त्या त्या घरच्या बाईला बोलावून दाखवा, पुरुषांना ते चटकन लक्षात येत नाही, मला नाही आलं. पासवर्ड बदला, बसवणारा पोरगा अॅडमिन अॅडमिन ठेवून जातो. फोनवर लाइव्ह कोणालाच नाही, कमिटीच्या अध्यक्षालाही नाही. रेकॉर्डिंग पंधरा दिवस, फार तर महिना, मग आपोआप पुसायचं. फुटेज बघायचं तर वहीत नोंद, कोणी, कधी, कशासाठी, आणि दोघांच्या सह्या. पोलिसांनी मागितलं तर लेखी पत्रावर द्या आणि दिल्याची पोच घ्या. इथे कॅमेरा आहे अशी पाटी लावा. आणि ठरावात तारीख, एक वर्ष, त्यानंतर परत सगळ्यांना विचारायचं, कोणी काही बोललं नाही म्हणून चालू राहिला असं नाही.

पंचायतीचा पैसा असेल तर ग्रामसभेत उठून बोला, वर्षातून चार होतात, रविवारी, आणि फुटबॉलची मॅच असली की पंचांशिवाय कोणी नसतं, म्हणजे तुमच्या एका मताला त्या दिवशी भाव असतो. ठराव इतिवृत्तात आला का ते पुढच्या वेळी वाचून घ्या. आधीच बसलेल्या कॅमेऱ्यांचा हिशेब, कोणाकडे फुटेज, किती दिवस, किती चालू किती बंद, हे माहितीच्या अधिकारात मागा, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर, कोणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. देशाचा कायदा २००५ चा, पण गोव्यानं स्वतःचा माहिती अधिकार कायदा १९९७ मध्येच केला होता, आणि आपणच विचारायला लाजतो.

पहिल्या जातीच्या सुरक्षेबद्दल मी वर बोललो ते का, तर २०२५ च्या डिसेंबरात हडफड्याच्या नाइटक्लबला आग लागली, २५ माणसं गेली. तिथे काय कमी पडलं? बाहेर पडायला नीट वाट, परवाने, तपासणी. यातलं काहीही करायला कोणाचा आधार नंबर लागत नाही, कोणाचं स्वातंत्र्य घ्यावं लागत नाही, फक्त सरकारी माणसानं जाऊन बघायचं आणि नाही म्हणायचं असतं. म्हणून कोणी कॅमेरा, फॉर्म, रजिस्टर घेऊन आलं की मी विचारतो, ते ठीक आहे, पण दिव्याचं काय झालं?

दिवा म्हणजे खराच दिवा. मुलगी माझी म्हापशाला कामाला जाते, शेवटच्या कदंब बसनं येते, बस स्टॉपवरून घरापर्यंत मधे एक वळण आहे, एका बाजूला काजूची बाग, एकदम काळोख. कॅमेरा लावताना बायको म्हणाली पोरीसाठी तरी लावा, आणि मी वर्गणी दिली, खोटं कशाला बोलू. पोरगी काही बोलली नाही. मग एक दिवस म्हणाली, बाबा, रेकॉर्डरचा डबा ज्यांच्या हॉलमध्ये ठेवलाय तिथे संध्याकाळी चार काका टीव्ही बघतात तसे ते बघत बसतात, मी किती वाजता आले, कोणाच्या स्कूटरवरून उतरले, दुसऱ्या दिवशी तिंट्यावर, बाजारात, मला विचारतात. मला कॅमेऱ्याची भीती नाही वाटत, वळणाची वाटते, तिथे बल्ब लावा ना.

वीज खात्याच्या ऑफिसात खांबाच्या नंबरासकट अर्ज दिलाय, पंचायतीला कॉपी, दोन्हीवर शिक्का आहे. डबा काकांच्या हॉलमधून काढून पंचायतीच्या कपाटात कुलुपात ठेवायचा असं मी कमिटीत मांडलं तर दोघे माझ्याशी बोलत नाहीत सध्या, चवथीला बोलतील. कॅमेऱ्याचा ठराव ऑक्टोबरात संपतो, बायको म्हणते चालू ठेवायला हात वर करा, पोरगी म्हणते आधी बल्ब, आणि त्या वळणावर अजून काळोखच आहे म्हणून तोवर मी रोज रात्री टॉर्च घेऊन स्टॉपवर जाऊन उभा राहतो.